बोलता यावे, गाता येऊ नये

"सुकाणू माझ्याच हातात राहील," रविवारची प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर उभे राहून आउकुसोने जाहीर केले. "आणि शर्यतीच्या दिवशी मी इतका हलका असेन, की नावेला माझी चाहूलही लागणार नाही."

वाइमोआना गावाने हे शांतपणे ऐकून घेतले. गावाला आउकुसोचे पोट ठाऊक होते. उभ्या आयुष्यात त्याने अर्धवट न सोडलेले ते एकच काम. सासऱ्यानंतर गावाच्या लांब नावेचे सुकाणू त्याच्याकडे आले, आणि मागच्या टोकाला उभी असलेली त्याची आकृती वर्षानुवर्षे क्षितिजाचा एक भाग होऊन राहिली. परंतु गेल्या शर्यतीत मागचे टोक इतके खाली गेले, की पुढचे आभाळाचे चिंतन करू लागले. तेव्हा नावेचा म्होरक्या लेमाना याने निकाल दिला: शर्यतीआधी दुकानातल्या खोबरे तोलायच्या काट्यावर वजन होईल, आउकुसो घटला नाही, तर सुकाणू त्याच्या मेहुण्याला, पेतेलोला. पेतेलो माशाच्या काट्यासारखा होता. फरक एवढाच, की काट्याला आपल्या बारीकपणाचा गर्व नसतो.

दवाखान्यातली नर्स फेतू म्हणाली, "काका, रोज भरभर चाला. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतकं भरभर. आणि हे शर्यतीपुरतं नाही हं, जन्मभर."

"जन्माचं नंतर बघू," आउकुसो म्हणाला. "आधी शर्यत होऊ दे."

त्या संध्याकाळी तो किनाऱ्याच्या रस्त्याने निघाला. वाइमोआनात घरांना भिंती नाहीत, त्यामुळे रस्त्याला डोळे फार. शिवाय तिथे उगाच कुणी भरभर चालत नाही. घाई करायची ती मरणासाठी, नाहीतर सुटलेल्या डुकरासाठी.

"आउकुसो, कोण गेलं रे?" पहिल्याच घरातून म्हाताऱ्या तुफीने विचारले.

"कुणी नाही, मावशी. व्यायाम चाललाय."

"मग ये की, जेवून जा."

वाटेने जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची, आणि हाक आली की बसायचे, ही तिथली रीत. नाही म्हणणे म्हणजे त्या घराची चूल नाकारणे. आउकुसो बसला. नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पाने समोर आली, आणि उरलेली भांड्यात घालून सोबत मिळाली. पुढच्या घराने हे पाहिले होते. "तुफीकडे बसलास, मग आम्ही काय पाप केलंय?" तिथे भाजलेला नीरफणस होता. तिसऱ्या घरी कोको. परतताना त्याला गाता येत नव्हते हे खरे. पण बोलताही येत नव्हते.

आठवडाभरात गावाने या चालण्याचा अर्थ लावला. बायकोने, सोसेने, पोटभर वाढलेला माणूस इतक्या घरी जेवतो कशाला?

"सोसेनं बाहेर काढलं का रे?" तुफीने हलकेच विचारले.

"नाही हो, मावशी."

"असू दे, लाजू नकोस. आणखी घे."

ही दया बायकांच्या चटया विणण्याच्या बैठकीत पोहोचली, आणि तिथून सोसेसह घरी आली.

"अहो, मी तुम्हाला उपाशी ठेवते म्हणे."

"मी असं कुठं म्हटलं?"

"कसं म्हणाल? तोंड रिकामं असेल तर ना."

त्या दिवसापासून तो घरातून जेवून निघू लागला आणि वाटेत जेवू लागला. साक्षीला म्हणून सोसेने आपल्या भावाला सोबत धाडले. गावाने पेतेलोच्या बरगड्या पाहिल्या आणि उरलासुरला संशय सोडून दिला. बाईने भावालाही हाकलले होते.

"दाजी, मी आपला सोबतीला आलोय," पेतेलो पहिल्या दिवशी म्हणाला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, आज जरा लवकर निघू या का?"

शेवटी आउकुसोने संध्याप्रार्थनेची वेळ गाठली. तेव्हा सारे गाव मिटल्या डोळ्यांनी बसलेले असते. हाक कोण मारणार? पण शंख वाजल्यावर रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही, असाही नियम होता. राखणीच्या तरुणांनी त्याला होता तिथेच बसवले. तो पाद्रीबाबांच्या दारात होता. प्रार्थना संपली, पाद्रीबाबांनी डोळे उघडले, आणि पान वाढायला सांगितले.

इकडे सोसेच्या ओसरीवर परक्यांची भांडी साचत होती. भांडे रिकामे परत करू नये हे तिला आईने शिकवले होते, आणि उशिरा परत करू नये हे तिच्या रागाने. रोज ती दोन्ही हातांत टोपल्या घेऊन शंख वाजायच्या आत सारे गाव पालथे घाली, आणि प्रत्येक दारात एक वाक्य ठेवून येई: "माझ्या घरी चूल पेटते."

वजनाचा दिवस आला. आउकुसो काट्यावर चढला, आणि काटा एखाद्या जुन्या दुःखासारखा कण्हला. लेमानाने आकडा पाहिला. मोठ्याने वाचला नाही. मग हसत हसत पेतेलो पुढे झाला, आणि दुकानाच्या एका पायरीवर त्याला धाप लागली. जिथे बरगड्या असत, तिथे आता एक गोल, समाधानी शांतता होती.

"तू याच्याबरोबर आणखी महिनाभर चाललास," लेमाना म्हणाला, "तर आपल्याला नाव नको, तराफा लागेल."

तेवढ्यात सोसे आली. चढणीवरून, भरल्या टोपल्यांसह, वाऱ्यासारखी. आणि येता येता नवऱ्याला, भावाला, दुकानदाराला एका दमात बोलत. दम कुठेही तुटला नाही. लेमाना ऐकत राहिला. तिच्या बापाच्या हातचे सुकाणू त्याने पाहिले होते. लहानपणी त्या सुकाणूला लोंबकळणारी ही पोरही पाहिली होती.

"सोसे, शर्यतीच्या सकाळी काय करतेस?"

"राहिलेली भांडी परत करते."

"ती दुपारी कर."

शर्यतीच्या सकाळी समुद्र कोऱ्या पानासारखा पसरला होता. नाव त्यावरून सरळ, सपाट चालली होती, सर्वांच्या पुढे. आणि मागच्या टोकाला उभ्या सोसेचा आवाज वल्हेकऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत किनाऱ्यापर्यंत येत होता. ती गात मात्र नव्हती.

नावेच्या बरोबरीने राहावे म्हणून आउकुसो किनाऱ्याच्या रस्त्याने भरभर चालत होता, या वेळी अगदी मनापासून.

"आउकुसो," तुफीने घरातून हाक दिली, "सोसेनं बाहेर काढलं का रे?"

तो थांबला. त्याने एकवार नावेकडे पाहिले.

"हो, मावशी," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला. "थोडंच वाढा."