दहा किलो चण्याची डाळ

"दहा किलो," नत्थूजी म्हणाले.

मोतीलालने सवयीने पाव किलोचं वजन उचललं होतं. ते त्याच्या हातात तसंच राहिलं.

"किती म्हणले काकाजी?"

"दहा. चण्याची डाळ."

मोतीलालचं आश्चर्य चुकीचं नव्हतं. नालवाडीतल्या त्याच्या दुकानातून नत्थूजी चाफल्यांनी गेल्या दोन वर्षांत पाव किलोच्या वर काही नेलं नव्हतं. सोमवारी पाव किलो साखर, मंगळवारी पाव किलो पोहे, बुधवारी एक काडेपेटी. पेन्शन वेळेवर येत होतं, महिन्याचं सामान एकदम नेता आलं असतं. पण एकदम नेलं तर उरलेले एकोणतीस दिवस बोलायचं कोणाशी? रुख्माबाई गेल्यापासून घरात आवाज उरला होता तो फक्त घड्याळाचा, आणि त्यालाही किल्ली नत्थूजींनाच द्यावी लागे.

दहा किलोंमागे एक चिठ्ठी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची आणि पुरणाचं जेवण करून कोणाला तरी त्याच्या जागी पाटावर बसवायचं. रुख्माबाई सवाष्ण गेलेल्या, तेव्हा सवाष्ण हवी. मागच्या वर्षी भिलाईहून मुलगी आली होती, तिने सगळं केलं. या वर्षी नलूचं पत्र आलं, 'बाबा, यायचं जमत नाही. कोणाला तरी सांगून आईचं पान वाढा.' आता पुरणाला डाळ किती लागते हे नत्थूजींना कुठून ठाऊक असणार? त्यांनी मसाल्यांच्या कपाटातला रुख्माबाईंचा बिस्किटांचा जुना डबा उघडला. बाजाराच्या चिठ्ठ्या ती त्यात जपून ठेवत असे. एक चिठ्ठी सापडली. वर तिच्या ठसठशीत अक्षरात 'आखाजी', त्याखाली 'चण्याची डाळ दहा किलो', आणि त्याखालचं सगळं झुरळांनी खाल्लेलं. तीस वर्षं सरकारी कागदावर काम केलेला माणूस लेखी मजकुरावर शंका घेत नाही. त्यातून अक्षर रुख्माबाईंचं. नत्थूजींनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि सायकल काढली.

मोतीलालने डाळ मोजता मोजता आवाज खाली आणला.

"काकाजी, काई खबर हाय का वरून?"

हे 'वरून' म्हणजे जिल्ह्याच्या पुरवठा खात्यातून. नत्थूजी तिथूनच निवृत्त झाले होते. कोणत्या व्यापाऱ्याने किती पोती ठेवावीत, याचे कागद उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या टेबलावरून गेले होते. ते आता एकटे आहेत, बायकोच्या नावाने स्वयंपाक करायचा आहे आणि जेवायला कोण येईल याचा पत्ता नाही, हे दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सांगायची त्यांना लाज वाटली. म्हणून ते ऑफिसात म्हणायचे तेच म्हणाले.

"असं काई सांगता येत नाई, मोतीलाल."

मोतीलालला जे कळायचं ते कळलं. नत्थूजींची सायकल कोपऱ्यावरून वळते न वळते तोच त्याने डाळीची दोन पोती ओढत आतल्या खोलीत नेली.

शेजारचे बबनराव तेव्हा दुकानातच विडीचं बंडल घेत होते. ते एसटीत कंडक्टर होते, वर्धा–सेलू गाडीवर. त्यांनी बंडल खिशात टाकलं आणि पाच किलो डाळ घेतली. दुसऱ्या दिवशी पवनारपर्यंत त्यांनी तिकिटांबरोबर ही बातमीही वाटली आणि सेलूला गाडी पोचली तेव्हा दहा किलोंची दहा पोती झाली होती. संध्याकाळी परतताना गाडीत लोकांच्या मांडीवर डाळीच्या पिशव्या होत्या. साडेचार रुपये किलोची डाळ साडेपाचला गेली आणि तिसऱ्या दिवशी सातला. मग मोतीलालने पाटीवरचा आकडाच पुसून टाकला आणि 'नाई' म्हणायला लागला.

मग दुकानासमोर रोज संध्याकाळी एकच चर्चा सुरू झाली. डाळ काऊन महागली?

"डिझेल वाढलं नं," एक जण म्हणाला.

"डिझेल काय डाळीत टाकते का? थंडीनं चणा मारला यंदा."

"अजी, नागपूरचे व्यापारी दाबून बसले हायेत माल!"

"थांबा," बबनराव म्हणाले. "ज्याले कळते त्याले विचारा. काकाजी, इकडे या नं!"

नत्थूजी पाव किलो गूळ घ्यायला आले होते. दोन वर्षांत त्यांना कोणी 'इकडे या' म्हटलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी काकाजी आहे की काय म्हणून. तोवर मोतीलालने आतून लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. समोरून चहा आला. नत्थूजी बसले, त्यांनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.

बोलले ते बरोबरच बोलले. रेल्वेच्या वाघिणी वेळेवर मिळत नाहीत, साठ्यावर मर्यादा असते ती कोणी पाळत नाही, भाव वाढणार अशी हवा उठली की माणसं जास्त घेतात आणि जास्त घेतात म्हणून भाव वाढतात. "खरं कारण म्हणजे साठेबाज," ते म्हणाले. "गरज नसताना जो माल घरात भरून ठेवते नं, तो माणूस समाजाचा वैरी हाय. मी कलेक्टरसाहेबाले तोंडावर सांगतलं होतं."

लोकांनी माना डोलावल्या. आणि पुरवठा खात्याचा माणूस म्हणतो वाघिणी नाहीत, म्हणून घरी जाताना जिथे मिळाली तिथून आणखी दोन-दोन किलो डाळ घेतली.

त्या तीन संध्याकाळी नत्थूजी सुखात होते. घरी आल्यावर ते रुख्माबाईंच्या फोटोला सांगत, "आज पंधरा जण होते अईकाले. बबनराव तं उभाच होता." डाळीचं पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा आणि भाषणाचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी धोतर बदललं आणि हिय्या करून शेजारी भागीरथाबाईंच्या ओसरीवर गेले. या बबनरावांच्या मंडळी, आणि रुख्माबाईंच्या मैत्रीण. नत्थूजींनी वाटेत वाक्य तीनदा घोकलं होतं.

"भागीरथाबाई, उद्या रुख्मीच्या नावानं... सवाष्ण म्हणून... तुम्ही याल का जेवाले?"

भागीरथाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"येतो नं काकाजी. रुख्माबाईसाठी नाई येईन तं कोणासाठी येईन? पण पुरण कायचं घालान? डाळ हाय का कुठी? आमच्या ह्यायनं आणली पाच किलो, ते नणंदेचा दीर येऊन अर्धी घेऊन गेला अन् राह्यली ते सासूबाईनं सेलूले धाडली. माह्याच घरी उद्या वरणभात हाय. सारी नालवाडी बोंबलून राह्यली, यंदा पितरं उपाशी जातीन म्हणून."

"माह्याकडे हाय नं डाळ," नत्थूजी उत्साहाने म्हणाले.

"किती?"

"दहा किलो."

भागीरथाबाई ओसरीच्या कडेला सरकल्या.

"कधी आणली?"

"सोमवारी."

"मोतीलालकडून? सायकलवर टाकून? साऱ्यांच्या समोर?"

"हो. काऊन?"

"अन् दहा किलो कोणं सांगतली तुम्हाले?"

नत्थूजींनी बंडीच्या खिशातून चिठ्ठी काढून दिली. भागीरथाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण वही कोणती, कागद कोणता हे त्यांना बरोबर कळलं, कारण त्या चिठ्ठीच्या वेळी त्या शेजारी बसल्या होत्या.

"अवं माय! हे तं नलूच्या लग्नाच्या सालची चिठ्ठी. जावई, व्याही, सारं वऱ्हाड आलतं आखाजीले. साठ पानं उठले होते काकाजी! मीच होती नं पोळ्या लाटाले. एका सवाष्णीले दहा किलो? मले का पोत्यात घालून नेता?"

आणि मग त्यांनी नत्थूजींना एकेक करून सगळं सांगितलं. मोतीलालने काय पाहिलं, बबनरावांनी गाडीत काय सांगितलं, आणि 'असं काई सांगता येत नाई' याचा अर्थ सेलूपर्यंत काय झाला.

"तो साठेबाज साठेबाज म्हणता नं तुम्ही रोज स्टुलावर बसून," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. हसून हसून त्यांना पाणी आलं होतं. "तो तुम्हीच हाय, काकाजी."

नत्थूजींना मात्र हसू आलं नाही. तीस वर्षांची नोकरी, एकही पोतं इकडचं तिकडे न केलेली, आणि समाजाचा वैरी त्यांच्याच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा होता. त्यांचा चेहरा इतका उतरला की भागीरथाबाई हसायच्या थांबल्या.

"आता असं करा," त्या म्हणाल्या. "उद्या सकायी दार उघडं ठेवजा. डाळ भिजवून ठेवजा सारी. बाकीचं मी पायतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत नत्थूजींच्या दारात बायका आल्या. कोणाच्या हातात गुळाची ढेप, कोणाच्या हातात परात, कोणी पाटा-वरवंटाच उचलून आणला होता. अंगणात तीन चुली मांडल्या. दहा किलो डाळीचं पुरण शिजलं आणि भांडी भरभरून घरोघर गेलं. नालवाडीतल्या सगळ्या पितरांचं त्या दिवशी नत्थूजींच्या अंगणातून भागलं. शिव्याही भरपूर पडल्या, पण त्या तोंडावर पडत होत्या आणि प्रत्येक शिवीनंतर कोणीतरी "काकाजी, वेलची कुठी ठेवली?" असं विचारत होतं.

रुख्माबाईंच्या घागरीजवळ एकीच्या जागी सात सवाष्णी बसल्या. नत्थूजींनी स्वतः तूप वाढलं. वाढता वाढता तूप जास्त झालं आणि भागीरथाबाईंच्या मनगटावर सांडलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "रुख्माबाईचाबी हात असाच मोकळा होता." नत्थूजी आत गेले आणि पाणी आणायला गेल्यासारखे बराच वेळ आतच राहिले.

दोन दिवसांत खरी गोष्ट बबनरावांच्या गाडीतून सेलूला पोचली आणि डाळ चारवर आली. सण उरकला होता, डाळीची घाई कोणालाच उरली नव्हती, त्यामुळे मोतीलालची दोन पोती तशीच पडून राहिली. संध्याकाळची चर्चाही संपली. स्टूल आत गेलं. मोतीलाल आता मान वर न करता पाव किलोचं माप तागडीत टाकत असे. येता-जाता भागीरथाबाई "जेवले का?" विचारत, पण त्यांच्याही घरी कामं होती. घरात पुन्हा घड्याळ वाजायला लागलं.

पंधरा दिवस नत्थूजींनी ते ऐकलं. एका दुपारी त्यांनी बिस्किटांचा डबा परत काढला. तळाशी आणखी एक चिठ्ठी होती. 'पोळा. फल्लीचं तेल तीन डबे.' तीन डबे शेंगदाण्याचं तेल, आणि खालचं झुरळांनी खाल्लेलं. आता ही चिठ्ठी कोणत्या सालची आणि किती पानांची, हे विचारायला त्यांना शेजारी जायची गरज नव्हती. पोळ्यालाही तीन महिने होते. त्यांनी चिठ्ठी हाताने सरळ केली, घडी घालून खिशात ठेवली आणि टोपी चढवली.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. बबनराव विडी घेत होते. मोतीलालने न पाहताच पाव किलोचं वजन उचललं.

"मोतीलाल," नत्थूजी म्हणाले, "फल्लीच्या तेलाचे डबे किती हायेत तुह्याकडे?"

वजन हातातच राहिलं. बबनरावांनी काडी विझवली.

"तेलाचं... काई हाय का, काकाजी?" मोतीलालने अगदी हळू विचारलं.

नत्थूजींनी रस्त्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"असं काई सांगता येत नाई," ते म्हणाले.

मोतीलाल आत गेला, स्टूल घेऊन आला, फडक्याने पुसलं आणि समोर चहा सांगितला. नत्थूजी बसले.