साटम डॉक्टरांचा काळोख

पांढरा शर्ट घालून साटम डॉक्टरांच्या खोलीत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दाराशी काळा एप्रन टांगलेला असतो. तो चढवायचा, मगच आत. कारण? पांढऱ्या कपड्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं आणि एक्स-रेतलं बारीकसारीक त्यात बुडून जातं. आमच्या सेंटरचे मालक एकदा कडक पांढऱ्या सफारीत आले, त्यांनाही एप्रन. चर्चचे फादर आईचा रिपोर्ट समजून घ्यायला आले, त्यांनाही झग्यावरून एप्रन! फादर बिचारे हसत होते, मीच लाजेनं मेलो.

विरारला मनवेलपाड्यातल्या या सेंटरमध्ये मी एक्स-रे काढतो, डॉक्टर ते वाचतात. सकाळी आले की खिडकीच्या पडद्याला क्लिपा लावून पाच मिनिटं काळोखात नुसते बसतात. "डोळे मुरू देत रे!" मग स्क्रीन तपासायला तिच्यावर करड्या चौकोनांची पट्टी लावून एकेक चौकोन निरखतात. त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. त्यातली एक जरा उजळ वाटली की काम बंद. "जुळ्या बहिणी ना या? मग एकीलाच पावडर कशी?" मालकांनी हौसेनं भिंतीएवढा टीव्ही सुचवला, तर म्हणाले, "छान आहे. क्रिकेटला."

पेशंटला भेटायला मात्र हा माणूस कधी बाहेर यायचा नाही. रिपोर्ट बाहेर नेऊन द्यायचं काम माझं.

मग एकदा अर्नाळ्याच्या मासळीवाल्या मावशी आल्या. कुणीतरी त्यांच्या एक्स-रेचा मोबाइलवरचा फोटो बघून 'फुप्फुसात डाग आहे' असं सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांना घास गिळवत नव्हता.

"मोबाइलवर लग्नाचे फोटो बघावेत!" मी आत जाऊन सांगताच डॉक्टर कडाडले. मी नवा एक्स-रे काढला. अर्धा तास ते स्क्रीनला चिकटून होते. मग चक्क उठून बाहेर आले आणि उजेडात डोळे किलकिले करत म्हणाले, "मावशी, तुम्ही कधी जोरात पडला होतात का?"

"पडले होते वो, बंदरावर. टोपलीवर छाती आपटली. घरात पोरीचं लगीन, कोनाला सांगितलं नाय."

"मग ती जुळलेल्या बरगडीची गाठ आहे. फुप्फुस एकदम स्वच्छ!"

मावशी रडल्या, हसल्या. डॉक्टरांच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. "घरी कोन कोन हाय, डाक्तर?"

"मीच."

मग मावशी बाकावर ऐसपैस बसल्या आणि त्या पडण्याची साद्यंत हकीगत सांगू लागल्या. डॉक्टर शेजारी बसून ऐकत होते. आत रिपोर्ट तुंबले होते, पण त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं.

मावशी गेल्या तरी ते जिन्याकडे बघत उभे होते.

"रमेश, परत येतील का रे त्या?"

"कशाला येतील, डॉक्टर? रिपोर्ट चांगला आलाय ना."

"हो, तेही खरंच," ते म्हणाले. "नकोच यायला."