वहिनीसाहेबांची तारीख

"आमचे सर फ्रान्सला गेले होते ना, तेव्हा वहिनी घरी एकट्याच होत्या," मोहरीर काका पहिल्याच भेटीत मला म्हणाले. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खोकीसुद्धा उघडली नव्हती आणि शेजारचे हे सत्तरीचे गृहस्थ चहाचा कप घेऊन उभे. बसा म्हटलं तर बसेनात. मला वाटलं, शाळेतले कुणी सर असतील. विचारायचं म्हणून विचारलं, "आता कशा आहेत वहिनी?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," काका म्हणाले. "रेकॉर्डच नाही."

सर म्हणजे सर गिल्बर्ट, सहाशे वर्षांपूर्वीचे नाइट, म्हणजे आपल्याकडचे सरदार म्हणा. बेसिंगस्टोकजवळच्या एका खेड्याचे. वहिनी म्हणजे त्यांची बायको, लेडी ॲग्नेस. एवढं कळेपर्यंत माझी किटली रिकामी झाली होती.

काका तीस वर्षं इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं म्हणून स्वतःच हसायचे. रिटायर झाले तरी सवय काही सुटली नाही. माझं हळदीकुंकवाचं आमंत्रण त्यांनी लाल पेनाने तपासून परत पाठवलं होतं. वार आणि तारीख जुळत नव्हती. मी चिडले, पण खरंच जुळत नव्हती.

सरसाहेबांचं चरित्र ते एखाद्याचा सीव्ही वाचून दाखवावा तसं सांगत. "दोनदा फ्रान्स, ऑनसाइट. एकदा शेरीफ. चार वेळा पार्लमेंट. पहिल्या वेळी बहुधा तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी गावच्या पुलासाठी पिटिशन! वेस्टमिन्स्टरला घोड्यावरून दोन दिवस लागायचे. पण एक आहे, घोडा इथल्या ट्रेनसारखा कधी कॅन्सल होत नसे." हे सगळं माझ्या किचनमध्ये येरझाऱ्या घालत. पायाला भिंगरी नुसती! बघणाऱ्यालाच धाप लागायची.

मागे निवडणुकीत एक तरुण उमेदवार दारावर आला. काकांनी त्याला दारातच धरलं. म्हणाले, एका पुलाचं पिटिशन फार दिवसांपासून पेंडिंग आहे. उमेदवाराने वही काढली, किती दिवसांपासून? काकांनी शांतपणे सांगितलं, "साधारण सहाशे वर्षं." त्या बिचाऱ्याने तेही लिहून घेतलं.

पण पूल दुय्यम. काकांचा जीव अडकला होता तो वहिनींच्या तारखेत.

त्या खेड्यातल्या चर्चमध्ये फरशीत एक पितळी पत्रा बसवलाय. त्यावर सर आणि वहिनी शेजारी शेजारी कोरलेले, वहिनींच्या पायाशी एक छोटं कुत्रं. खाली लॅटिनमध्ये मजकूर. नवरा गेल्यावर वहिनींनी हा पत्रा करवून घेतला आणि त्यावरच स्वतःचंही नाव घालून ठेवलं. सर अमुक दिवशी वारले, त्यांची पत्नी ॲग्नेस वारली... आणि पुढे मोकळी जागा. तारीख नंतर भरायची होती. ती कुणी भरलीच नाही.

"मँडेटरी फील्ड!" काका कळवळून म्हणायचे, म्हणजे भरलाच पाहिजे असा रकाना. "मँडेटरी फील्ड रिकामं राहतंच कसं? हा बग आहे, सुमेधा."

डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यावर काकांनी गाडी चालवणं सोडलं आणि दर शनिवारी ड्रायव्हर मी. का, तर शेजारी राहते म्हणून. आठवडाभर रीडिंग शहरातल्या ऑफिसात डोकं फोडून घ्यायचं आणि शनिवारी पुन्हा स्टिअरिंग. मी कुरकुर करत जायचे, पण जायचे. चर्चमध्ये गालिचा बाजूला सारून काका गुडघ्यांवर बसत आणि बोटाने ती जागा चाचपत.

"तू बघ. मला हल्ली नीट दिसत नाही. बारीक काहीतरी कोरलेलं असेल."

"नाही हो काका, काही नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय!"

एकदा मी वैतागून म्हटलं, राहिली असेल विसरून, एवढं काय त्यात. काका एकदम थांबले. म्हणाले, "विसरून नाही गं. वहिनींनी सरांची तारीख भरून घेतली. वहिनींची भरायला मागे कुणी उरलं नव्हतं. इतकंच." मग लगेच उठून, चला चला, उशीर होतोय. कसला उशीर, देव जाणे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर टेबलावर साखरेच्या बरणीखाली हॉस्पिटलची पत्रं. मोतीबिंदूचं ऑपरेशन काकांनी दोनदा पुढे ढकललं होतं. मला पत्ता नाही!

"हे काय आहे, काका?"

"सरांचं काम अडलंय. ते झालं की बघू."

"सर सहाशे वर्षं थांबलेत, अजून आठवडाभर थांबतील! डोळे गेले तर काय बोटाने वाचणार आहात?"

पत्रांखाली फॉर्म होता. सुवाच्य अक्षरात, रकाना न् रकाना भरलेला. फक्त 'नेक्स्ट ऑफ किन', म्हणजे सर्वांत जवळच्या नातेवाइकाच्या जागी 'सुधा मोहरीर' लिहून त्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारलेली. सुधाकाकू जाऊन सात वर्षं झाली. मूलबाळ नाही. सवयीने हात गेला असणार. पुढे जागा कोरी.

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. "तो बॉक्स रिकामा चालत नाही त्यांना," ते म्हणाले. "शिवाय घरी न्यायला माणूस लागतो."

"मग मी काय भिंत आहे?" मी ओरडलेच. राग आला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. पेन ओढलं आणि नाव लिहिलं.

"नातं काय लिहितेस? नेबर लिही."

"नेबर म्हणजे किन नव्हे. फॉर्म परत येईल." मी लिहिलं, पुतणी.

काकांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन तपासला. चूक काढली नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्याबरोबर आम्ही चर्चमध्ये गेलो. काकांनी गालिचा सारला आणि या वेळी मला बोलावलं नाही. स्वतःच पाहत राहिले, बराच वेळ.

"रिकामंच आहे गं," ते म्हणाले.

येताना गाडीत त्यांची चुळबुळ चाललेली. सीटबेल्ट ओढ, काच खाली, काच वर. मीच शेवटी म्हटलं, "काका, तुमच्या तारखेचं फील्ड रिकामं राहणार नाही. मी आहे. आता जरा स्वस्थ बसा."

काका बसले. खरोखर, हात मांडीवर ठेवून, अगदी स्वस्थ. ब्रॅकनेलची पाटी आली तेव्हा म्हणाले,

"सुमेधा, दिवस आधी लिही हं. मग महिना. ते अमेरिकन फॉरमॅट नको."

"बरं," मी म्हटलं. पुढचा सिग्नल हिरवा होता की लाल, मला खरंच दिसलं नाही.