एकवीस नंबरचा आरसा

"तुमच्या आरशांवर कुरडया वाळतील का?"

मयूराने बाबांच्या बॉसला, शॅरनला, हे सगळ्यांसमोर आणि अजिबात न हसता विचारलं. मेलबर्नमधल्या क्रेगीबर्नहून निघताना इव्हा आणि निहारिका या मैत्रिणींनी तिला तसं चॅलेंजच दिलं होतं. वाळवंटातल्या सोलार प्लांटचा फॅमिली डे होता. मधोमध उंचच उंच टॉवर आणि भोवती दहा हजार आरसे, ऊन झेलून टॉवरच्या डोक्यावर फेकणारे.

"गिव्ह इट अ गो, मेट," शॅरन म्हणाली, म्हणजे बघ की करून.

ही गंमत आहे हे मयूराला कळलं. आईला कळलं नाही. मेलबर्नच्या ढगांनी आठवडाभर ओलसर ठेवलेल्या तिच्या कुरडया गाडीच्या डिकीत बसून इथवर आल्या होत्या, आणि समोर नुकतेच धुऊन आडवे ठेवलेले आरसे होते. सगळे जेवायला गेल्यावर तिने एका आरशावर जुनी जांभळी साडी अंथरली, चारही टोकं पक्की बांधली आणि कुरडया मांडल्या.

जेवणाची वेळ संपली तसे आरसे आपोआप उभे राहिले. साडीही उभी राहिली. कुरडया तिला अशा चिकटल्या होत्या की एकही पडली नाही.

इकडे बाबांच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला: बारा नंबर बंद. बाबांचं प्रोबेशन नेमकं आज संपत होतं. काही आरशांचे नंबर उलटसुलट जोडलेत, असं ते तीन महिने सांगत होते. शॅरनला ती नवख्याची सबब वाटायची. आता सगळे बारा नंबरकडे धावले, तर तो लखलखीत. शॅरनने बाबांकडे पाहिलं, बाबांनी बुटांकडे.

तेवढ्यात मयूराला लांबवर जांभळं काहीतरी फडफडताना दिसलं.

"आई, ती तुझी साडी ना गं?"

"हळू बोल. वाळत आल्यात."

"अगं, बाबाचा जॉब जाईल."

आईचा चेहरा पडला. मयूरा सरळ शॅरनपुढे जाऊन उभी राहिली. प्रश्न माझा, साडी आईची, बाबाला यातलं काही माहीत नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

शॅरन साडीपाशी गेली. आरशाखालच्या खांबावरचा नंबर तिने दोनदा वाचला. एकवीस.

साडी एकवीसवर, आणि स्क्रीन ओरडत होती बाराच्या नावाने.

"सॉरी, यतिन," ती म्हणाली. "यू वेअर राइट." आणि फोल्डरमधून पर्मनंटचं पत्र काढून तिने बाबांच्या हातात दिलं. बाबांनी इतका लांब श्वास सोडला की सकाळपासून तो कुठे ठेवला होता कोण जाणे.

परतीच्या वाटेवर आई मागे बसून साडीवरून कुरडया सोडवत होती आणि बाबा शीळ घालत गाडी चालवत होते.

"तुम्हा दोघांना एक सांगायचंय," मयूरा म्हणाली. "शाळेतर्फे कामाचा अनुभव घ्यायचा असतो ना, तो वर्क एक्स्पीरियन्स मी इथेच करणार. शॅरनने फॉर्मवर सहीपण केलीय. बाबा, उरलेले नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव नंबर मी तपासणार, तुझ्याच शेजारी बसून."