खाडीचा बांध कोणी फोडिला

जलदेवतेस व ग्रामदेवतेस दंडवत घालून, घडले तेच लिहितो. पदरचे घातले असेल तर लिहिता हात झडो. शके सोळाशे ऐशी, बहुधान्य नाम संवत्सर. नाव बहुधान्य; धान्य काय पिकले ते पुढे वाचाच. खाडीकाठी एक राज्य होते. नाव लिहावयास लाज वाटते, सबब लिहीत नाही. राज्याचे सारे भात एका मातीच्या बांधाआड पिके; पलीकडे खारे पाणी, अलीकडे शेते. बांधाचे राखणदार पदाजी नाईक, सात पिढ्यांचे वतन, बांध म्हणजे नाईकांचा जीव की प्राण.

चैत्रमासी नाईक फेरीस निघाले, पाहतात तो बांध जागोजाग नखांनी उकरिलेला, आणि भोवती कोल्ह्यांची पावले. नाईकांचे पित्त खवळले. मग तडक दरबारी अर्ज केला की, कोल्हे बांध फोडितात, बंदोबस्त जाहला पाहिजे. महाराज बोलिले, मग विचार कसला? आणि हुकूम सुटला, आणि शिपाई, रयत, कुत्री मिळून कांदळवनात शिरली, आणि पंधरा दिवसांत कोल्हा औषधासही उरला नाही. नाईकांनी माती थापून बांध गुळगुळीत केला आणि निवांत निजले. शहाणपण ते केवढे!

मग पाऊस जाहला, भात पोटरीस आले, आणि भाद्रपदी पौर्णिमेचे उधाण चढले, आणि भर दोन प्रहरी बांध मधोमध बसला. बसला म्हणजे काय, देवा! उभे घर खचावे तसा खचला, आणि खारे पाणी भातावरून धावले, आणि रयत तोंडात बोट घालून उभी राहिली, कोणास हाक मारावी तेही सुचेना. ओहोटी लागली तेव्हा नाईक चिखलात उतरले आणि फुटक्या बांधात हात घातला, तो खांद्यापावेतो आत गेला. दुसरीकडे घातला, तेथेही तेच. सारा बांध आतून पोकळ, बिळास बीळ लागलेले, आणि बिळाबिळात खेकडे.

खेकडे धरून पोट भरणारी चांगुणा कोळीण जवळच होती. ती बोलिली, "नाईक, कोल्हा बांध फोडीत नव्हता. बिळातला खेकडा काढून खात होता. खेकडा खाणारा तुम्ही मारिला, मग खेकड्यांनी बांध खाल्ला."

नाईकांनी पुसिले, हे आधी का न सांगितलेस?

"मला विचारिले कोणी?"

मग महाराज घोड्यावरून आले, आणि बांध कोणी फोडिला म्हणून पुसिले. नाईक पाया पडून म्हणाले, "महाराज, मी फोडिला. मजला तोफेच्या तोंडी द्या."

महाराज घोड्यावरून उतरून फुटक्या बांधाशी गेले. हुकूम त्यांचाच होता, हे सर्वांस ठाऊक. मग बोलिले, "तुम्हास मारिले तर खेकडे कोण खाईल?"

आणि हुकूम जाहला की, घरटी एक माणूस रोज ओहोटीस बांधावर जावा, बिळे उकरून खेकडे काढावे आणि तेच खावे, की भात तर राहिले नाही. पदाजी नाईक सर्वांपुढे गुडघे टेकून नखांनी बांध उकरू लागले. महाराजांच्या ताटीही भातावाचून खेकडाच वाढिला.

येणेप्रमाणे हकीकत. कोल्हे शेजारच्या राज्याकडे मागितले आहेत, अद्याप आले नाहीत. तोवर कोल्ह्यांचे काम रयतच करीत आहे.