दाब उत्तम आहे

कुटुंबसंस्था टिकून आहे ती परस्परांवरच्या प्रेमामुळे, आणि इंटरनेटचं कनेक्शन एकच असल्यामुळे. आमच्या घरात माणसं पाच, कॉम्प्युटर पाच आणि कनेक्शन एक. तरीही आम्ही एकत्र राहतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

याचं सारं श्रेय दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. दादा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. इंटरनेट हाही शेवटी पुरवठाच असल्याने त्यातलं त्यांना सगळं कळतं. (त्यांना न कळणारा पुरवठा अद्याप निघायचा आहे.) उंचावरून सोडलं की दाब वाढतो, म्हणून त्यांनी राउटर माळ्यावर चढवला. वापर झाल्यावर प्रत्येकाने आपला कॉम्प्युटर नीट बंद करावा, नाहीतर गळती होते, असा घरात नियम आहे. सर्वेक्षणानुसार (सर्वेक्षण दादांचंच) ऐंशी टक्के गळती वहिनींच्या कॉम्प्युटरमधून होते. वहिनींच्या मते ती दादांच्या डोक्यातून होते.

अशातच पुतणीची मुलाखत ठरली. नकाशे काढण्याची नोकरी, तिला लहानपणापासून हवी होती अगदी तशी. मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर, सकाळी अकराला. पोरगी आठवडाभर आरशाशी बोलत होती.

दादांनी फर्मान काढलं. अकरा ते बारा संपूर्ण पुरवठा फक्त लेकीला. "कोणी थेंबभरही वापरायचं नाही!" सगळ्यांनी एकमताने मान्य केलं.

मान्य केल्याप्रमाणे वहिनींनी शिवणाचा क्लास आवाज बंद करून पाहिला. (निम्मं तरी वाचलं.) पुतण्याने गेममधला आपला सैनिक पळवला नाही, नुसता उभा ठेवला. मी तर काहीच वापरलं नाही. क्रिकेटचा सामना तेवढा चालू होता, पण तिकडे पावसाने खेळ थांबला होता.

खरी जबाबदारी दादांवर होती. लेकीला पुरेसा दाब मिळतोय ना, याची खात्री कोण करणार? आणि नळाला दाब किती हे पाहायचं तर नळ पूर्ण सोडावाच लागतो. म्हणून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर वेग मोजायची साइट उघडली आणि अकरापासून एकसारखा वेग मोजत राहिले. आकडा जोरदार येत होता. दर वेळी ते समाधानाने म्हणायचे, "दाब उत्तम आहे!" आणि दर वेळी पलीकडच्या साहेबांना पुतणी तोंड उघडं ठेवून थिजलेली दिसायची.

बाराला ती बाहेर आली. डोळे लाल.

"बाबा, सगळं अडकत होतं हो. त्यांनी नाव विचारलं, तेवढंच सांगता आलं. तेही अर्धं."

"शक्यच नाही. मी स्वतः मोजत होतो!"

"कशावर?"

दादांनी तिला आपली पद्धत उत्साहाने दाखवली. पोरीने आकड्याकडे पाहिलं, बापाच्या अभिमानी चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन आपला कॉम्प्युटर नीट बंद केला. मला फार वाईट वाटलं, पण तेवढ्यात तिकडचा पाऊस थांबला.

नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. घरात रीतसर चौकशी झाली. वहिनींचा संशय गेमवर आहे, पुतण्याचा क्रिकेटवर, दादांचा शिवणावर आणि माझा दादांवर. पुतणीचा कोणावरच नाही. ती हल्ली मैत्रिणीकडे जाऊन काम करते.

हे वाचताना तुम्हालाही तुमच्या घरातलं कोणीतरी नक्की आठवलं असेल. बरोबरच आहे. आम्हालाही प्रत्येकाला दुसरंच कोणीतरी आठवलं होतं.