रुजुवात

लग्नाची पत्रिका घेऊन गेलं की नाना भावसार अभिनंदन वगैरे करत नसत. चष्मा पुसून विचारत, "याची मूळ प्रत कुठे आहे?"

माझ्या चुलतभावाच्या पत्रिकेच्या वेळी मी खरंच घरी जाऊन वडिलांच्या हातचा कागद आणून दिला. नानांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि तिसऱ्या मिनिटाला मांडीवर थाप मारली. "हे पाहा. कागदावर तीन 'सौ.' आहेत, पत्रिकेत दोनच. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं पहिली सौ. लावली, मान वर केली, आणि परत खाली बघताना तिसरीवर गेला. मधली तुझी एरंडोलची काकू गेली! डोया घसरना, दुसरं काय!" पत्रिका वाटून झाल्या होत्या. काकू लग्नाला आली नाही ती नाहीच.

धुळ्याच्या कचेरीत नानांनी तीस वर्षं नक्कल-कारकुनी केली. दस्तऐवज, निवाडे, खातेफोड, सगळं दुसऱ्याचं. त्यांचं स्वतःचं नाव फक्त खाली कोपऱ्यात, 'नक्कल करणार' या शब्दांपुढे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गावातच, देवपुरात आमच्या घराला लागून दोन खोल्या होत्या त्यांच्या. पेन्शनीत निघालेला माणूस एरवी भजनाला लागतो. नाना ग्रीक शिकायला लागले.

त्याला कारण मिशनचा म्हातारा पाद्री. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो मायदेशी निघाला, तेव्हा बंगल्याच्या कागदांच्या नकला नानांनी करून दिल्या होत्या. बोलता बोलता पाद्र्यानं एका फार जुन्या हस्तलिखिताचे फोटो दाखवले. येशूचं शुभवर्तमान, कातड्यावर लिहिलेलं, शब्दाशब्दांत जागासुद्धा न सोडता. अशा लिखाणात लेखनिकांनी मधल्या ओळीच्या ओळी कशा गाळल्यात, हे त्यानं सांगितलं आणि नानांचे डोळे लकाकले. दीड हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा मठात बसलेला तो लेखनिक त्यांना थेट आपल्या कचेरीतला वाटला. पाद्र्यानं व्याकरणाचं पुस्तक देऊनच टाकलं, फोटो मात्र दोन वर्षांच्या बोलीवर.

गल्लीत बोभाटा झाला. शिंदखेड्याहून नानांची थोरली बहीण, अक्का, पहिल्या गाडीनं आली आणि दारातूनच ओरडली, "नाना, तू बाटना का रे?"

"नाही अक्का. मी फक्त तपासतोय."

"काय सांगस तो त्यांचा देव?"

"ते पुढे बघू. आधी त्यानं सांगितलेलं बठ्ठं, अगदी सगळं, उतरलंय का, ते तर कळू दे!"

अक्का दोन दिवस राहिली. भाऊ बाटला नाही, नुसता वेडा झालाय, अशी खात्री पटल्यावर निश्चिंत होऊन परत गेली.

नाना फोटोंवरून एकेक पान फुलस्केपवर उतरवत आणि जिथे त्या जुन्या लेखनिकाचा डोळा घसरला असेल तिथे समासात टीप लिहीत. पण त्याच्यावर कधी रागावत नसत. "इथे बिचाऱ्याला थंडी वाजत असेल. हाऊ जेईसन लिखाले बठेल दिखस, जेवणानंतरची डुलकी," असं म्हणत. पाद्र्याच्या ओळखीचे एक प्राध्यापक विलायतेत होते. नक्कल निर्दोष असेल तर ती छापायचा विचार करू, असं त्यांचं पत्र आलं होतं. ते पत्र नाना सदऱ्याच्या खिशात ठेवत. आयुष्यात पहिल्यांदाच एक काम त्यांच्या नावावर लागणार होतं.

आता कचेरीचा नियम असा, की नक्कल करणाऱ्यानं एकट्यानं ती तपासायची नाही. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून पाहायचं. याला रुजुवात म्हणतात. धुळ्यात ग्रीक जाणणारा दुसरा कोण? मी शाळेत गणित शिकवत होतो. अल्फा, बीटा, थीटा मला ओळखीचे, एवढ्या भांडवलावर नानांनी मला धरलं. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर आमची बैठक. नाना फोटोतलं एकेक अक्षर उच्चारत, मी ओळ संपली की "बरोबर" म्हणे. समोरचे कापडवाले शेठजी बरेच दिवस हा कसलातरी जप आहे असं समजून जाता-येता हात जोडत.

वर्षभर मी इमानानं पाहिलं. मग भडगावला माझं लग्न ठरलं. बोट नकलेवर आणि मन गिरणेच्या काठी, अशी अवस्था. शेवटचे तीन रविवार मी अक्षर पाहिलंच नाही. नानांचा आवाज थांबला की "बरोबर". शेवटच्या पानावर 'रुजुवात घेणार' यापुढे झोकात सही ठोकली. नानांनी फोटो पाद्र्याकडे परत धाडले आणि नक्कल विलायतेला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. प्राध्यापकांनी सभ्यपणे लिहिलं होतं, की एकविसाव्या पानावर मुळात एकच शब्द दोनदा येतो आणि त्या दोहोंमधली अख्खी ओळ नकलेत नाही. सबब बाकीच्या नकलेवरही भिस्त ठेवता येत नाही. क्षमस्व.

पत्र नानांनीच मला वाचून दाखवलं. "मना डोया घसरना, माझाच," एवढंच म्हणाले. एकविसावं पान माझ्या त्या तीन रविवारांतलं होतं. मी उठून घरी आलो. त्यानंतर लाजेनं मी त्यांच्याकडे जायचंच बंद केलं. नवा संसार, शाळेच्या परीक्षा, सबबी काय हव्या तेवढ्या मिळतात. भिंतीला भिंत असून सात-आठ महिने मी त्यांचा उंबरठा ओलांडला नाही. याची आजही मला लाज वाटते.

शेवटी एका रविवारी बायकोनं ढकललंच. नाना ओट्यावर बसले होते, रिकामे. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

"माले माहीत व्हतं," नाना म्हणाले. "तीस वर्षं रुजुवात केली मी. समोरचा पाहतोय की नुसता हुंकार देतोय, कळत नाही होय?"

"मग मला टोकलं का नाही, नाना?"

नानांनी चष्मा काढून पुसला.

"टोकलं असतं तर तू म्हणाला असतास, नाना, दुसरा कोणी बघा. आणि रविवारी इथे येणार कोण होतं?" मग जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली. "आता बसशील ना थोडा?"

मी दुपारपर्यंत बसलो. तपासायला काहीच उरलं नव्हतं.